पीएसएचा आकडा आणि आपली चुप्पी

आमच्या चाचांच्या रिपोर्टमध्ये पीएसए ६.८ आला. पुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ छापलेले. चाचांनी तो कागद कपड्यांच्या घडीखाली ठेवला आणि आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. चाचींना तो सापडला तेव्हा चाचा एवढेच म्हणाले, “कॅन्सर आहे. अल्लाहची मर्जी.”

डॉक्टरांनी मात्र कॅन्सर म्हटलेलेच नव्हते.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढते, तसेच वयोमानाने ग्रंथी मोठी झाली, तिला सूज आली, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा नळी घातली तरी वाढते. साधारणपणे ४ नॅनोग्रॅमपर्यंत ठीक मानतात, पण वयानुसार हा हिशेब बदलतो. आकडा ४ ते १० च्या दरम्यान असलेल्या चार पुरुषांपैकी साधारण एकाला कॅन्सर निघतो. १० च्या पुढे शक्यता निम्म्याहून अधिक. म्हणजे घाबरून जाऊ नये आणि दुर्लक्षही करू नये. संसर्ग असेल तर आधी त्यावर इलाज, काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी, गरज वाटली तर एमआरआय आणि मग बायोप्सी, असा क्रम असतो. फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे. तिने पीएसए जवळपास निम्मा दिसतो.

चाचांना संसर्ग निघाला. औषधानंतर आकडा ३.९ वर आला. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.

डॉक्टरांच्या प्रश्नांतून दुसरेच काही बाहेर आले. दोन वर्षांपासून चाचा जमातीला जात नव्हते. गुडघे दुखतात म्हणायचे. खरे कारण लघवीचे थेंब. वुजू टिकत नाही, कपडे पाक राहत नाहीत, मग मशिदीत कसे जायचे? खरे तर ज्याचे थेंब थांबतच नाहीत अशा माजूर माणसाला शरियतने सवलत दिली आहे. त्याने नमाजेची वेळ झाल्यावर ताजा वुजू करावा आणि नमाज पढावी. हा मसला चाचांनी इमामसाहेबांना विचारला नाही आणि त्रास डॉक्टरांना सांगितला नाही. शरमेपायी दोन्ही दरवाजे बंद.

आपल्याकडे जुम्याच्या बयानात पाकीचे मसले बारकाईने सांगतात. त्यातच एक वाक्य वाढवायला काय हरकत आहे? पन्नाशीनंतर लघवीचा त्रास असेल तर माजूरचा मसला आम्हाला विचारा, आणि डॉक्टरलाही दाखवा.