परक्या पाण्यावर

रविवारी सकाळी मी माझी नौका उचलून घराबाहेर पडतो, तेव्हा शेजारची माणसे खिडकीतून हसून पाहतात. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने होडी घेऊन तळ्यावर खेळावयास जावे, याचे त्यांना नवल वाटत असावे. मला मात्र त्यात काही नवल वाटत नाही. माझे लहानपण वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गेले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होडी कोरावी, तिला जुन्या धोतराच्या तुकड्याचे शीड लावावे आणि ओहोटीनंतर वाळूत साचून राहिलेल्या पाण्यात ती सोडून द्यावी, हा आमचा आवडता उद्योग. होडी एकदा हातातून सुटली की ती वाऱ्याची होई. ती कोठे जाईल हे आमच्या हाती नसे. आम्ही नुसते ओरडत काठाकाठाने धावत असू.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडात आलो आणि मँचेस्टरजवळच्या एका जुन्या गिरणगावात स्थायिक झालो. एके दिवशी तेथील उद्यानातील तळ्यावर पाहतो तो काय, दहाबारा प्रौढ माणसे काठावर शांतपणे उभी राहून शिडाच्या छोट्या नौका हाकीत होती, आणि त्या नौका चक्क त्यांचे ऐकत होत्या! त्याच महिन्यात मी त्या मंडळाचा सभासद झालो.

या नौकांविषयी थोडे सांगितले पाहिजे. माझी नौका ज्या वर्गातील आहे, त्याचे नावच 'इंटरनॅशनल वन मीटर' असे आहे. हा वर्ग १९८८ साली ठरविण्यात आला. नौकेची लांबी एक मीटरपेक्षा अधिक असता कामा नये आणि वजन चार किलोग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये, असा त्याचा दंडक आहे. तळाखाली एक उभे पाते खोल उतरलेले असते व त्याच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा असतो. नौकेच्या एकूण वजनापैकी निम्म्याहून अधिक भार या दोहोंतच असतो. म्हणून तर वाऱ्याने आडवी झालेली नौका पुन्हा सरळ उभी राहते. तिच्यात इंजिन नाही. हातातील यंत्राने दोनच गोष्टी करता येतात : सुकाणू वळविता येते आणि शिडांच्या दोऱ्या ताणता किंवा सैल सोडता येतात. बाकी सारे काम वाऱ्याचे. वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची नौका सरळ जाऊ शकत नाही. तिला एकदा या बाजूस व एकदा त्या बाजूस अशी नागमोडी वाट काढावी लागते. आमच्याकडचे तांडेल जे मोठ्या गलबतावर करीत, तेच आम्ही काठावर उभे राहून करतो. फरक एवढाच, की आमचे पाय कोरडे राहतात.

हा खेळ रेडिओहून पुष्कळ जुना आहे. पूर्वी नौका दोन-दोन अशा सोडीत, आणि त्यांचे मालक हातात काठी घेऊन काठाने धावत जाऊन त्या परत वळवीत. हे प्रथम ऐकले तेव्हा मला आमच्या वाळूतल्या धावाधावीची आठवण झाली आणि वेंगुर्ले व इंग्लंड यांतील अंतर एकदम कमी झाल्यासारखे वाटले. रेडिओ आल्यावरही बराच काळ एक अडचण होती. दोघांच्या यंत्रांची लहर एकच असली, तर एकाच्या बोटाने दुसऱ्याची नौका वळे! म्हणून कोणी कोणती लहर वापरावयाची हे आधी ठरवावे लागे. आताच्या यंत्रांत ती कटकट उरलेली नाही.

आमच्या मंडळात मी सातआठ वर्षे नौका हाकली. दर रविवारी आम्ही तेच दहाबारा जण. पहिला कोण येणार, दुसरा कोण येणार, हे बहुधा ठरलेलेच असे. मी तिसरा येई, कधी दुसरा. तळ्याच्या तिन्ही बाजूंस उंच झाडे होती. कोणत्या झाडाआडून वाऱ्याची झुळूक कधी येते, शेवाळ कोठे अडकते, बदके कोठे बसतात, हे सारे मला पाठ होते. या पाठांतरालाच मी माझे कौशल्य समजत होतो. शर्यतीचे नियमही आम्ही पाळीत असू, पण ओळखीपाळखीने. कोणाची नौका कोणावर आदळली तर "असू द्या हो" म्हणून आम्ही पुढे जात असू. नियमांचे पुस्तक मंडळाच्या कपाटात होते. ते मी कधी उघडले नव्हते.

आमचे चिटणीस हे एक वृद्ध सुतार होते. दर वसंतात ते फळ्यावर एक कागद लावीत. फ्लीटवुड येथे होणाऱ्या खुल्या प्रादेशिक शर्यतीचे ते आवाहन असे. खुली म्हणजे कोणत्याही मंडळाच्या सभासदाला, मग तो नवशिका का असेना, भाग घेता येईल अशी. कागदाखाली नावे लिहिण्यासाठी ओळी आखलेल्या असत. त्या दरवर्षी कोऱ्या राहत. "तेथे मोठमोठे लोक येतात," एक जण म्हणे. "आपली अजून तयारी झाली नाही," दुसरा म्हणे. हे दुसरे वाक्य बहुतेक माझेच असे. चिटणीस काही बोलत नसत. पंधरा दिवसांनी तो कोरा कागद काढून, नीट घडी करून ते खिशात ठेवीत. हे मी अनेकदा पाहिले, आणि प्रत्येक वेळी मान वळवून दुसरीकडे पाहू लागलो.

२०१८ साली त्या कागदावर एक नाव आले. ते माझ्या भाचीचे होते.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. माझी बहीण जवळच राहते. तिच्यामुळे भाची माझ्याबरोबर तळ्यावर येऊ लागली होती. मंडळाची एक जुनी नौका चिटणीसांनी तिला हाकावयास दिली होती, आणि ती बहुधा शेवटची येई.

"अगं, तू इथे शेवटची येतेस. तिथे जाऊन काय करणार?" मी विचारले.

"इथे शेवटची येते, तशी तिथेही येईन, मामा. त्यात नवीन काय?" ती म्हणाली. "पण तिथले पाणी तर बघायला मिळेल."

या उत्तराला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलीला एकटी कशी पाठवावी, या सबबीखाली मीही माझे नाव तिच्या नावाखाली लिहिले. खरे सांगायचे तर मला तिच्यासमोर भित्रा ठरावयाचे नव्हते.

फ्लीटवुड हे लँकाशायरच्या किनाऱ्यावर, वायर नदीच्या मुखाशी वसलेले गाव. एके काळी येथून मासेमारी जहाजे थेट आइसलंडच्या समुद्रापर्यंत जात. आता तो धंदा ओसरला आहे. पण समुद्राचा वास आणि चीत्कारणारे पक्षी पाहून मला घरी आल्यासारखे वाटले. समुद्राच्या अगदी लगतच नौकांसाठी बांधलेले विस्तीर्ण तळे आहे. त्याच्या काठी एकही उंच झाड नव्हते. वारा समुद्रावरून सरळ येत होता, आणि त्याला माझ्या पाठांतराची काही माहिती नव्हती!

एकंदर अठ्ठावीस नौका जमल्या होत्या. एवढ्या नौका एकदम सोडणे कठीण, म्हणून त्यांचे दोन गट केले होते. ही गटांची पद्धत मोठी मजेची आहे. खालच्या गटाची शर्यत आधी होते. तिच्यात पहिले चार येतील, ते लगेच वरच्या गटाच्या शर्यतीत उतरतात. वरच्या गटातील शेवटचे चार पुढील फेरीस खाली येतात. म्हणजे प्रत्येक फेरीत चढण्याची संधी आणि उतरण्याची धास्ती. शिवाय ज्या गटाची शर्यत चालू नसेल, त्यातील माणसे काठावर उभी राहून निरीक्षकाचे काम करतात.

पहिल्या शर्यतीला आम्ही उभे राहिलो. शेवटचे दहा सेकंद एकेक अंक मोठ्याने मोजला जात होता. चौदा शिडे एका रेषेकडे धावत होती, आणि त्यांत माझी कोणती हेच मला क्षणभर कळेना. अंक संपले. सारी शिडे निघून गेली. मागे एकच उरले. ते माझे होते.

पुढे तर याहून वाईट झाले. तळ्यात टाकलेल्या बोयाला वळसा घालण्यासाठी मी घाईने जात होतो. समोरून एक नौका आली. ज्या नौकेवर वारा उजव्या बाजूने येत असेल, तिला दुसरीने वाट द्यावी, हा या खेळातील अगदी प्राथमिक नियम. माझ्या नौकेवर वारा डावीकडून येत होता. आमच्या तळ्यावर समोरच्याने "असू द्या हो" म्हटले असते. येथे खट् असा आवाज झाला आणि एका गृहस्थाने माझ्या शिडावरील अंक उच्चारून स्पष्ट शब्दांत हरकत घेतली. आवाजात राग नव्हता. पोस्टमनने घराचा क्रमांक वाचावा तसा तो होता. आता काय करावयाचे असते, हे मला ठाऊक नव्हते. माझे कान तापले.

"मामा, एक पूर्ण गिरकी घ्या," निरीक्षकांच्या रांगेतून हलकेच आवाज आला. "बाकीच्यांपासून दूर जा आणि पूर्ण गोल फिरा. मग झाले."

कपाटातले ते पुस्तक भाचीने वाचले होते.

मी गिरकी घेतली. शर्यत संपल्यावर तो गृहस्थ माझ्याकडे आला. आता काही तरी ऐकून घ्यावे लागणार, म्हणून मी मनाची तयारी केली. तो म्हणाला, "गिरकी छान घेतलीत. पण तुम्ही एवढे मोठे शीड का लावले आहे?"

या नौकांना वाऱ्याच्या जोराप्रमाणे लहानमोठ्या शिडांचे तीन संच वापरण्याची मुभा असते. मी सर्वांत मोठाच संच केला होता. झाडांच्या आडोशाला दुसऱ्याची कधी गरजच पडली नव्हती. दुपारी वारा वाढला. बाकीच्यांनी शिडे बदलली. चिटणीसांनी भाचीच्या नौकेबरोबर दुसरा संच बांधून दिला होता. तिनेही तो चढविला. माझी नौका मात्र वारा पाठीवर घेऊन निघाली की नाळ पाण्यात खुपसून, पिछाडी वर करून, बुडी मारणाऱ्या बदकासारखी उभी राही. काठावरचे लोक हसले. मीही हसलो. दुसरे काय करणार? त्या गृहस्थाने मग माझ्या शिडाच्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधून दिल्या, डोलकाठी किंचित मागे कलती केली, आणि वारा असाच राहिला तर काय करावे हे मातीत रेघा ओढून समजावून सांगितले. तो प्रदेशातील नामांकित खेळाडू आहे, हे मला संध्याकाळी कळले. वीस मिनिटांत त्याने मला जे शिकविले, ते मी सातआठ वर्षांच्या रविवारांत शिकलो नव्हतो. कारण आमच्या मंडळात आम्ही सारे एकमेकांना तेच ते शिकवीत होतो.

दिवसाच्या सहाव्या फेरीत भाची खालच्या गटात चौथी आली. तिला चटकन उमगले नाही. "वर जायचे! वर जायचे!" असे लोक ओरडले तेव्हा ती धावत सुटली आणि वरच्या गटात जाऊन उभी राहिली. तेथे ती शेवटची आली. पण त्या शर्यतीभर तिच्या दोन्ही बाजूंस प्रदेशातील उत्तम खेळाडू उभे होते, आणि ती नौकेकडे पाहत होती की त्यांच्या बोटांकडे, हे मला सांगता येणार नाही.

माझा क्रमांक अठ्ठाविसांत सव्विसावा लागला. ज्या दोघांच्या पुढे मी होतो, त्यांच्या नौका दुपारीच मोडल्या होत्या. एवढे मी प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

परतताना गाडीत भाची झोपी गेली. मी मात्र अस्वस्थ होतो. हरल्याचे दुःख फारसे नव्हते. "आपली अजून तयारी झाली नाही" असे मी इतकी वर्षे फळ्यासमोर उभा राहून म्हणत होतो, आणि माझे ऐकून आणखी कितीजण घरी बसले असतील, हा विचार मला टोचत होता. तयारी कशाची करावयाची हेसुद्धा तेथे गेल्याशिवाय मला कळले नसते.

त्या हिवाळ्यात मी शिडांचा दुसरा संच तयार केला. रविवारी तळ्यावर कोणाची नौका कोणावर आदळली, तर आम्ही गिरकी घेऊ लागलो. प्रथम काही सभासद कुरकुरले. मग त्यांना त्यात मौज वाटू लागली.

पुढच्या वसंतात चिटणीसांनी पुन्हा कागद लावला. या वेळी त्यावर पाच नावे आली. सहावी ओळ कोरी होती. आमच्यातील एक सेवानिवृत्त गृहस्थ त्या ओळीसमोर बराच वेळ उभे होते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "इच्छा आहे हो, पण माझी अजून तयारी झालेली नाही. आणि एवढी लांब नौका न्यायची कशी?"

मी काहीच बोललो नाही. बाहेर गेलो, गाडीच्या मागच्या भागातील सामान काढले, आणि आणखी एका नौकेपुरती जागा केली.