गोळी चुकते ती भीतीनं

मुरबाड

चि. बाळूस,


परवा फोनवर इकडचं तिकडचं बोललास आणि ठेवता ठेवता विचारलंस, "ताई, पोरीला जवळ घेऊ ना?" घे. पोटाशी धर, तुझ्या ताटात जेवू दे, तुझ्याच पांघरुणात झोपू दे. एचआयव्ही उष्ट्यातून, घामातून, खोकल्यातून जात नाही, डास चावूनही जात नाही. तो जातो रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून, आणि आईकडून पोटातल्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाला. पोर सात वर्षांची झाली, तिची आई सुलू निगेटिव्ह आहे. तू तिला कडेवर घेतल्यानं तिला काही होणार नाही. तू स्वतःचा पेला वेगळा काढून ठेवलायस असं सुलू म्हणाली. तो आजच मांडणीत परत ठेव.

मला काळजी आहे ती तुझ्या एचआयव्हीच्या गोळ्यांच्या बाटलीची. लेबल खरवडून ती तू टेम्पोच्या डॅशबोर्डात कोंबतोस. एप्रिलमध्ये कसारा घाट चढताना ती केबिन किती तापते ते मी तुला सांगायला नको. त्या उष्णतेत औषध खराब होतं. आणि तुझा क्लीनर शेजारी बसलेला असला की तू बाटलीला हात लावत नाहीस, हेही सुलूनंच सांगितलं.

आरोग्यसेवेतल्या नोकरीभर मी हेच पाहिलं, बाळू. तीस गोळ्यांची बाटली एस.टी.त खुळखुळते म्हणून बायका आत कापूस भरायच्या. कुणी गोळ्या काढून पदराच्या गाठीत बांधायची, आणि घामानं त्या ओल्या व्हायच्या. इकडच्या एका वाडीतलं जोडपं दिवाळीनंतर बयाणा घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलं. गोळ्या संपल्या तेव्हा आणायला जायचं तर शेठला कारण सांगावं लागणार, आणि कारण कळलं तर झोपडी सोडावी लागेल ही धास्ती. दोघांनी गोळी सोडून दिली. पावसाच्या तोंडावर परत आले तेव्हा नवऱ्याला टीबी झालेला होता. गोळ्या सरकारी, फुकट. त्या त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत त्या फक्त भीतीनं.

एचआयव्ही हा विषाणू आपल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींत घुसतो आणि तिथं स्वतःच्या नकला काढत सुटतो. तुझ्या एका गोळीत तीन औषधं आहेत: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राविर. ती नकला काढणं थांबवतात. पण काही पेशींत विषाणू नुसता दडून राहतो, तिथं औषध त्याला मारू शकत नाही. म्हणून गोळी जन्मभर घ्यायची. सोडलीस की काही आठवड्यांत तो पुन्हा वाढतो. आणि आज घेतली, उद्या नाही, असं करत राहिलास तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो. मग गोळ्या बदलाव्या लागतात. हायवेवरच्या चहानं जळजळ होते म्हणून तू पित्ताची गोळी चघळतोस ना, ती या गोळीबरोबर घेऊ नकोस. ही आधी घे आणि निदान दोन तास जाऊ दे, नाहीतर औषध अंगात नीट शोषलं जात नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा भिंतीवर कवटीची चित्रं लावून आम्ही एड्स शिकवायचो. त्या चित्रांनी लोकांना आजारापेक्षा आजारी माणसाला भ्यायला शिकवलं असं माझं ठाम मत आहे. तेव्हा हातात औषधही नव्हतं. एप्रिल 2004 मध्ये सरकारनं मोफत उपचार सुरू केले तेव्हा मुंबईचं जे.जे. रुग्णालय हे पहिल्या मोजक्या केंद्रांपैकी एक. इथून कल्याणपर्यंत एस.टी., पुढे लोकलनं भायखळा, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली आणि वर भाडं. त्या काळी रोगाशी लढणाऱ्या सी.डी.फोर पेशी बऱ्याच घटल्याशिवाय औषध सुरूही करत नसत. 2017 पासून तपासणीत विषाणू सापडला की लगेच उपचार, असं धोरण आलं. तुला काही लक्षणं नसताना गोळी सुरू केली ती यामुळेच.

आता तुझं आणि सुलूचं. नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांचा मोठा अभ्यास झाला, त्यात पुण्यातलीही जोडपी होती. एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, अगदी तुमच्यासारखी. 2011 मध्ये निकाल आला: ज्यांनी लवकर औषध सुरू केलं त्यांच्याकडून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. पुढच्या अभ्यासांतून आणखी पक्कं झालं, की रक्तातला विषाणू मोजणीत 200 च्या खाली गेला आणि तिथंच राहिला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. दुसऱ्या मुलाचा विचारही तेव्हा डॉक्टरांशी बोलून खुशाल करा. पण तुझा व्हायरल लोड, म्हणजे ही मोजणी, अजून झालेला नाही. उपचाराला सहा महिने झाले की तो करतील. तोवर निरोध वापरायचाच. फाटला तर लाजून घरी बसू नका. 72 तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, सुलूला दवाखान्यात ने. तिला 28 दिवसांच्या गोळ्या देतील. तिची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे, कारण नुकती झालेली लागण पहिल्या तपासणीत दिसेलच असं नाही. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात ती फुकट होते.

सगळ्या गावाला सांग असं मी म्हणत नाही. गावाचा त्याच्याशी संबंध नाही. पण घरात सुलू जाणते तशी आईही जाणू दे. रात्री जेवणानंतर "गोळी घेतलीस का" असं मोठ्यानं विचारणारं माणूस घरात हवं, कुजबुजणारं नको. आईला सांगायचं काम माझ्यावर सोड.

मालकाची धास्ती घेऊ नकोस. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात सांगितलं, की माणूस काम करायला धडधाकट असेल तर नुसत्या एचआयव्हीपायी त्याला काम नाकारता येणार नाही. त्याचं नावसुद्धा उघड होऊ दिलं नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानं कामावरून काढणं, मर्जीविरुद्ध तपासणी करणं, संमतीवाचून दुसऱ्याला सांगणं, सगळ्याला मनाई केली आहे. काही झालंच तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन लाव, पैसे पडत नाहीत.

नाशिककडे मुक्काम वाढला तर उपचाराचं हिरवं पुस्तक दाखवून तिथल्या केंद्रावर गोळ्या माग. ते जवळ असू दे. आणि खोकला आला, मग तो कितीही थोड्या दिवसांचा असो, तर औषधाच्या दुकानातून बाटली आणू नकोस, बेडका तपासून घे.

व्हायरल लोडची तारीख कळली की मला कळव. तपासणीसाठी ठाण्याला मी बरोबर येईन. मी कल्याणला येऊन थांबते, तू आसनगावहून सकाळची लोकल पकड.

तुझी,
ताई