सव्वा किलोचा सवाल

तुमच्या लॅपटॉपचा कर्ण किती? दचकू नका, महाभारतातला नव्हे, शाळेतल्या भूमितीतला. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी रेघ. दुकानात ‘चौदा इंची’, ‘पंधरा पॉइंट सहा’ म्हणून जे विकलं जातं ना, ते या तिरक्या रेघेचं माप! आता सांगा, तिरकं कोण वाचतं?

हा भूमितीचा तास मला घ्यावा लागला तो नोकरी बदलल्यामुळे. जुन्या ऑफिसचा १५.६ इंची दगड परत केला. नव्या ऑफिसनं सांगितलं, लॅपटॉप तुमचा तुम्ही आणा, महिन्याला थोडा भत्ता देऊ. म्हणजे ईएमआय माझा, चॉइस माझा आणि टेन्शनही माझंच. त्यात दोन गोष्टी अडून बसलेल्या. एक, माझा डावा खांदा. डोंबिवली ते दादर, छातीशी सॅक धरून उभ्यानं... फिजिओथेरपिस्टनं पहिल्याच दिवशी विचारलं, ‘बॅगेत असतं तरी काय?’ दुसरी गोष्ट, आई. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी एकाआड एक शुक्रवारी साताऱ्याची एसटी पकडते आणि मंगळवारी रात्री परतते. सोमवार-मंगळवार तिथूनच लॉग-इन. काम वेळेवर होतंय तोवर बॉसची हरकत नाही. महिनाअखेरची शीट रखडली तर मात्र हे लाड बंद, असं तिनं अगदी गोड आवाजात सांगून ठेवलंय.

तेव्हा खांद्याला हलका हवा आणि बॉसच्या शीटला पुरेसा. आली का पंचाईत!

मैत्रिणीचा सल्ला: ‘डोळे मिटून तेरा इंची घे, एकदम सही दिसतो.’ नवरा म्हणाला, ‘एक्सेलवाल्या बाईला नंबर पॅड नको? पंधराच घे.’ सेल्समनचा फंडा तर सरळच: ‘मॅडम, त्याच पैशात मोठी स्क्रीन मिळतेय!’ जणू काही मी भाजी घेतेय, वर कोथिंबीर फुकट.

मग मी रविवारी पट्टी, कात्री आणि रद्दीतला पेपर घेऊन बसले. नेहमीच्या १५.६ इंची स्क्रीनचं प्रमाण १६:९. म्हणजे रुंदी साधारण ३४.५ सेंटिमीटर, उंची १९.४. हल्लीच्या बऱ्याच १४ इंची लॅपटॉपचं प्रमाण १६:१०. रुंदी ३०.२ आणि उंची जवळपास १८.९. दोन चौकोन कापले, एकावर एक ठेवले आणि उडालेच! उंचीत फरक किती? अर्ध्या सेंटिमीटरच्या जरासा वर. कमी होते ती रुंदी, चारेक सेंटिमीटर. माझ्या शीट्स लांबलचक, खाली खाली जाणाऱ्या. मला ओळी हव्यात, आणि ओळी उंचीत मावतात. तुम्ही दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून काम करणारे असाल तर मात्र हे चार सेंटिमीटर तुम्हाला जाम जाचतील, हेही खरं. म्हणून म्हणते, नुसते इंच विचारू नका, प्रमाण विचारा. चौदा इंचांतही १६:९ वाले मिळतात, आणि त्यांची उंची साडेसतरा सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. कर्ण तोच, ओळी कमी.

अजून एक गोम आहे. दुकानात मी कुरकुरले, ‘अक्षरं बारीक दिसतायत.’ सेल्समननं पटकन सेटिंगमध्ये जाऊन १२५ टक्क्यांचं १५० केलं. अक्षरं झाली टपोरी, पण शीटच्या खालच्या ओळी गायब! अहो, स्क्रीन तेवढीच, अक्षरं फुगवली तर दुसरं काय होणार? म्हणून मी पेन ड्राइव्हवर माझीच एक शीट नेली होती. (आकडे बदलून हं, बॉस वाचत असेल तर.) १२५ वर ठेवून, हातभर अंतरावर बसून पंधरा मिनिटं वाचली. त्यांच्या डेमोमधले निळे डोंगर आणि पोपट कुठल्याही स्क्रीनवर सुंदरच दिसतात. त्यांच्यावर पगार मिळत नाही.

तेरा इंची तिथेच बाद झाला. वजनात फार तर दीड-दोनशे ग्रॅम वाचणार होते आणि दिवसाचे आठ तास डोळे बारीक करावे लागणार होते. स्टीव्ह जॉब्जनं जानेवारी २००८ मध्ये पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला, तेव्हापासून बारीक लॅपटॉपची जी हवा आहे ती आहेच. पण पाकिटातून काढणं वेगळं आणि त्यावर जीएसटीचे आकडे जुळवणं वेगळं.

राहता राहिला नंबर पॅड. तो आकडे भरायला झकास, पण त्याच्यामुळे टाइप करायची बटणं डावीकडे सरकतात आणि आपणही दिवसभर किंचित तिरके बसतो. खांद्याची आधीच रड, त्यात हे! सुटा नंबर पॅड हजाराच्या आत मिळाला. घरी असतो, सॅकमध्ये येत नाही.

खरं तर घरी प्रश्नच नव्हता. तिथे २४ इंची मॉनिटर आहे, वायर जोडली की लॅपटॉपची स्क्रीन कितीही असो, काय फरक पडतो? ऑफिसातही तसंच. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन मला लागते ती फक्त साताऱ्यात. तेव्हा दादरच्या डेस्कचा विचार सोडला आणि साताऱ्याच्या घरातली जागा मोजली. तिथे माझं टेबल म्हणजे आईचं शिलाई मशीन. मशीन आत दुमडलं की वरची फळी सपाट होते. पेपरचा मोठा चौकोन त्यावर ठेवला तर माउसला जागा उरेना. छोटा ठेवला, माउस मावला. झालं, चौदा इंची, १६:१०, सव्वा किलो! शिवाय चार्जर टाइप-सीचा छोटा. जुना लॅपटॉप आणि त्याची वीट मिळून किचनच्या काट्यावर २ किलो ३०० ग्रॅम भरली होती. नवी जोडी दीड किलोच्याही आत.

फिजिओबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘वजन उतरलं, छान. आता मान.’ स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी, आणि बटणं स्क्रीनला चिकटलेली असली की कुठल्याही मापाच्या लॅपटॉपपुढे माणूस वाकतोच. म्हणून साताऱ्यात एक वेगळा कीबोर्ड ठेवून दिलाय, आणि लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक. माझ्या मापाला सात लागतात.

आईला हा सगळा थाट पसंत आहे, एक गोष्ट सोडून. मशीन पायानं चालवायचं, आणि डॉक्टरांनी अजून पायडलला पाय लावू दिलेला नाही. ‘अगं, अजून किती दिवस?’ ती दर सोमवारी विचारते. गुडघा साठ अंशांवरून शंभरपर्यंत वळायला लागलाय. पुढच्या तपासणीत परवानगी मिळेल असं वाटतंय, आणि मग माझं टेबल जाणार. परवा तिनं ब्लाउजची दोन कापडं आताच बेतून माझ्या दिवाळी अंकांवर ठेवलीत.