पाण्याच्या सौद्याची नोंद

ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात वर्षाला सरासरी 1.8 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे पाणीहक्क विकले-घेतले जातात. नद्यांतून किती पाणी उपसायचे यावर 1995 मध्ये कमाल मर्यादा आली. तेव्हापासून नव्या बागेला पाणी हवे असेल तर ते जुन्या हक्कदाराकडून विकत घेण्यावाचून मार्ग राहिला नाही. पुढे हक्क जमिनीपासून सुटा झाला आणि एक गुंठाही न कसणारे लोक पाणी बाळगू लागले. 2019 च्या दुष्काळात दहा लाख लिटरचा हंगामी भाव हजार डॉलरच्या जवळ गेला. गुंतवणूकदारांनी साठेबाजी करून भाव चढवले, असा शेतकऱ्यांचा संताप होता. त्या वर्षी सरकारने स्पर्धा व ग्राहक आयोगाला चौकशी सांगितली. 2021 मधला त्याचा अंतिम अहवाल पाणीवाटपाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावा असा आहे.

गुंतवणूकदारांनी मक्तेदारीच्या जोरावर भाव चढवल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही. मिळाले ते मला जास्त गंभीर वाटते: एवढ्या मोठ्या बाजाराला धड नियमच नव्हते. दलालाला परवाना लागत नव्हता, गिऱ्हाइकाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन नव्हते, आणि एकाच सौद्यात तो दोन्ही बाजूंनी बोलू शकत होता. राज्यांच्या नोंदवह्यांत असंख्य व्यवहारांपुढे भाव 'शून्य' लिहिलेला होता. त्यातले काही एकाच मालकाच्या दोन खात्यांतले, काही खरोखरीचे सौदे. कोणता कुठला हे नोंदीवरून कळत नव्हते. भावच कळला नाही तर डाळिंब-द्राक्षासारखी वर्षानुवर्षे उभी राहणारी बाग लावायची की नाही, हे शेतकरी कशाच्या आधारे ठरवणार? गैरव्यवहार झाला नाही असे छातीठोक सांगायलाही पुरेशी नोंद नव्हती.

शिवाय कागदावर विकलेले पाणी नदीतूनच जायचे असते. मरे नदीवर बार्माच्या जंगलाजवळ पात्र इतके अरुंद होते की दिवसाला सुमारे 700 कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी सोडले तर ते काठाबाहेर जाते. म्हणून वरून खाली विक्रीला मर्यादा आहे. गोलबर्न उपनदीतूनही तशीच मर्यादा. ती थोडी खुली झाली की अर्ज काही क्षणांत भरून जात. जो आधी पोचला त्याचे पाणी. संगणकापुढे टपून बसलेल्याला ते जमते, बागेत छाटणी करणाऱ्याला नाही. ही टंचाई नियमाने निर्माण केलेली होती, आणि तिचा नफा कोणाला जावा हे मात्र कोणीच ठरवले नव्हते.

नियमांनी बाजार महागेल, हा एक आक्षेप. पण आयोगाने बाजाराचे फायदे मान्य करूनच ही शिस्त मागितली, आणि 2023 अखेरीस केंद्रीय कायद्यात भावाशी खेळ करण्यावर बंदी व दलालांसाठी आचारसंहितेची सोय झाली. स्वतंत्र पाणीबाजार संस्थेची आयोगाची शिफारस मात्र बाजूला पडली; कामे असलेल्याच संस्थांत वाटली गेली. दुसरा आक्षेप मुळावरचा आहे: पाणी विकूच नये. त्यामागची न्यायाची तळमळ मला मान्य आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीपासून सोडवून माणशी वाटले आणि उसाला मनाई केली, म्हणजे हक्क सुटा झाला तरी तो बाजारात जायलाच हवा असे नाही. पण विक्रीला नकार दिल्याने मोजणीची गरज संपत नाही. महाराष्ट्राच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाणीहक्कांच्या वार्षिक किंवा हंगामी विक्रीचे निकष ठरवण्याची तरतूद आहे. ती वापरायची तर आधी प्रत्येक चारीवर आवर्तनाचे पाणी मोजले गेले पाहिजे, आणि वरच्या मोघ्यावर किती उचलले गेले ते टेलच्या शेतकऱ्याला त्याच दिवशी पाहता आले पाहिजे.