सोपाऱ्याच्या गोविंददासाचं टाकं

भाऊबीज उरकली की आम्ही घराबाहेर पडतो. आम्ही दोघं, सातवीतली लेक, चौथीतला धाकटा आणि सासूबाई. मुलांच्या सुट्टीत एखादी जुनी जागा नीट, पायी फिरून बघायची, हा आमच्या घरचा नेम. यंदा जुन्नर ठरलं ते धाकट्यामुळे. चौथीच्या पुस्तकात शिवराय भेटल्यापासून त्याने शिवनेरीचा ध्यास घेतला होता.

नालासोपाऱ्याहून पहाटे निघालो. मुरबाड मागे पडलं आणि वैशाखऱ्याच्या पुढे उजव्या हाताला आभाळात घुसलेला एक सुळका दिसला. नानाचा अंगठा. त्याच्या कुशीतून जुनी वाट घाटमाथ्यावर चढते, तो नाणेघाट. आमची गाडी मात्र माळशेजच्या वळणांनी वर गेली.

शिवनेरीचे सात दरवाजे धाकट्याने बोटांवर मोजत पार केले. शिवाई देवीला नमस्कार झाला, १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराज जन्मले त्या वास्तूपाशी तो कितीतरी वेळ गप्प उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात शिवनेरी आहे, हे त्याला शाळेत कळलं होतं. सासूबाईंना मात्र गंगा-जमुना टाक्यांनी बांधून ठेवलं. कातळात खोदलेल्या त्या टाक्यांतलं गार, नितळ पाणी बघून त्या म्हणाल्या, "ज्याने हे खणलं, त्याचं पुण्य अजून संपलेलं नाही गं."

त्यांच्या त्या वाक्याने आमच्या प्रवासाला वळण दिलं. संध्याकाळी खोलीवर मी माझी टिपणवही उघडली. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या लेखांत कोणी काय दान दिलं ते कोरलेलं आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, 'बे पोढियो' दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. "आणि बे?" मी विचारलं. धाकटा ओरडला, "बे एके बे! दोन!" दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत शब्द त्याच्या पाढ्यांत जसाच्या तसा जिवंत होता. कुठल्या कुठून तो यवन आपल्या देशात आला, इथल्याच बोलीत त्याचं दान नोंदलं गेलं आणि दान होतं पाण्याचं.

दुसऱ्या दिवशी नाणेघाट वरून बघायला चावंड किल्ल्याच्या बाजूने घाटघरला गेलो. वाळून सोनेरी झालेलं गवत, समोर जीवधनचा कातळ आणि पठार संपतं तिथे एक मोठा दगडी रांजण. घाट चढून आलेले व्यापारी जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. रांजणाच्या पुढे डोंगर चिरल्यासारखी खिंड आहे. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरला आणि तिथून सातवाहनांच्या पैठणला जाई.

खिंडीतून थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याचे पुतळे होते. आज वरची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका. डाव्या-उजव्या भिंती ब्राह्मी अक्षरांनी भरल्या आहेत. नागनिकेच्या या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची मोजदाद आहे: गायी १७००, हत्ती १०, कुठे ११००० गायी आणि १००० घोडे. भारतात कोरल्या गेलेल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये हे अंक मोडतात. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. शून्य नाही, दहाला, शंभराला, हजाराला प्रत्येकी वेगळं चिन्ह. लेकीने भिंतीला हात न लावता, हवेतच बोटाने ती चिन्हं गिरवली. "शून्य नसताना हिशोब किती अवघड गेला असेल," ती म्हणाली. गणिताशी एरवी तिचं फारसं पटत नाही.

उन्हं चढली होती आणि आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. लेण्याशेजारच्या टाक्यापाशी बसलो तेव्हा मी वहीतली राखून ठेवलेली ओळ वाचली. नाणेघाटातल्या एका टाक्याच्या लेखात दात्याचं नाव आहे गोविंददास, आणि गाव, सोपारा.

"आपलं सोपारा?" दोघं एकदम म्हणाली.

आपलंच. उन्हाळ्यात जिथे आमच्या सोसायटीच्या दारात टँकरची वाट बघत बादल्यांची रांग लागते, तेच. तिथला एक माणूस ही चढण चढला असेल, त्याचाही घसा असाच कोरडा पडला असेल. राणीने हजारो गायी दिल्या, त्या भिंतीवर वाचायच्या. गोविंददासाने दिलेलं दान मात्र तहान लागल्यावरच कळतं.

परत वर आलो तर माथ्यावर एका मावशींचं ताक-सरबताचं छप्पर होतं. त्यांनी आधी हंड्यातलं पाणी तांब्या भरून समोर ठेवलं. पैसे देताना मी पाण्याचेही धरा म्हटलं, तशा त्या म्हणाल्या, "सरबताचे घेतले की. पाण्याचे कसले पैसे, बाई?" सासूबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

पुढच्या रविवारी आम्ही घराजवळच्या बुरुड राजाच्या कोटावर गेलो. वर्षानुवर्षं त्या बाजूने जातो, पण थांबलो पहिल्यांदाच. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली या कोटातला स्तूप उकरला. सोपाऱ्यातच त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नाणेघाटाच्या लेखांचा अभ्यासही याच पंडितांनी केला. आमच्या प्रवासाची दोन्ही टोकं एका माणसाने आधीच जोडून ठेवली होती.

सुट्टीच्या अभ्यासाची वही धाकट्याने त्या रात्री पुरी केली. गावाच्या रकान्यात तो एरवी 'नालासोपारा पश्चिम' लिहितो. या वेळी त्याने लिहिलं, 'सोपारा, गोविंददासाचं'.