रीत दाखवा

2022 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये सोनीच्या संशोधकांनी घडवलेल्या ‘जीटी सोफी’ या संगणकीय चालकाची हकिकत आली. प्लेस्टेशनवरच्या ‘ग्रान टुरिस्मो’ या खेळात सोफी 2021 च्या जुलैत जपानच्या अव्वल खेळाडूंसमोर उतरली, तेव्हा सांघिक गुणांत ती मागे पडली. ऑक्टोबरात तीच लढत तिने जिंकली. अशा बातमीने कौतुक वाटायला हवे आणि ते वाटतेही. पण मागोमाग एक चुटपुट लागते. सोफी कशी धावली ते पडद्यावर दिसते. मात्र एखाद्या वळणावर तिने ब्रेक नेमका त्याच क्षणी का सोडला, हे कुठेही लिहिलेले नाही. ते लाखो आकड्यांत विरघळलेले आहे. या चुटपुटीतूनच मन एका जुन्या, साध्या, दिसायला ओबडधोबड अशा खेळाकडे वळते: टॉर्क्स, म्हणजे ‘द ओपन रेसिंग कार सिम्युलेटर’. त्यातले चालक सोफीपुढे टिकणार नाहीत, हे आधीच मान्य करतो. तरीही यंत्राने गाडी चालवावी म्हणजे काय, हे शिकायचे तर सोफीपेक्षा टॉर्क्सकडे जावे, असे माझे म्हणणे आहे. आणि त्यामागे निव्वळ जुन्याचा लोभ नाही.

टॉर्क्समध्ये चालक म्हणजे सी किंवा सी++ भाषेतला एक छोटा प्रोग्राम. शर्यतीआधी त्याला ट्रॅक दाखवला जातो, शर्यत सुरू झाली की सेकंदाला 50 वेळा त्याचा निर्णय मागितला जातो आणि पिटमध्ये आल्यावर किती इंधन भरायचे, किती दुरुस्ती करायची, हेही तोच सांगतो. गाडीचे भौतिकशास्त्र त्याच्याहून दहापट बारीक घड्याळावर, सेकंदाला 500 वेळा मोजले जाते. चालकाने प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे ते मुख्यतः इतकेच: स्टिअरिंग किती, ॲक्सिलरेटर किती, ब्रेक किती, गिअर कोणता. बर्नहार्ड वीमन यांनी नवख्यांसाठी लिहिलेल्या पाठातून घडणारा ‘बीटी’ हा चालक घ्या. तो वळणाची त्रिज्या पाहतो आणि टायरची पकड, गुरुत्वाकर्षण व त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून वळणावरचा कमाल वेग ठरवतो. पकडीचा गुणांक 1 धरला, तर 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर तो वेग ताशी 80 किलोमीटरच्या आसपास येतो. गाडी ताशी 180 ने येत असेल, तर तिथवर उतरायला साधारण 100 मीटर लागतात. म्हणून ब्रेक 100 मीटर आधी. गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर आणि गाडीचे वजन यांनी गणित थोडे बदलते, गाभा तोच राहतो. बारावीच्या भौतिकशास्त्राइतक्या भांडवलावर इथे एक ड्रायव्हर उभा राहतो आणि त्याचा प्रत्येक निर्णय बोट ठेवून दाखवता येतो.

या पाठातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वेग कसा वाढवायचा हे शिकवण्याआधी वीमन गाडी अडकली तर काय करायचे ते शिकवतात. भिंतीला नाक लावून बसलेली गाडी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून कधीच सुटत नाही. पण हे त्या गाडीला कोण सांगणार? म्हणून ‘बीटी’त अडकण्याची रीतसर व्याख्या आहे. ट्रॅकच्या दिशेशी कोन 15 अंशांहून जास्त, वेग सेकंदाला 5 मीटरपेक्षा कमी, मध्यरेषेपासून अंतर 3 मीटरपेक्षा जास्त, नाक बाहेरच्या बाजूला, आणि हे सारे सलग दोन सेकंद. एवढे जुळले की रिव्हर्स गिअर, उलटे स्टिअरिंग, अर्धा ॲक्सिलरेटर. यातली प्रत्येक अट एका गैरसमजावर उतारा आहे. फक्त वेग पाहिला, तर शर्यतीच्या सुरुवातीला उभी असलेली गाडीही अडकलेली ठरेल. फक्त कोन पाहिला, तर वळणावर किंचित घसरलेली गाडी उगाच मागे येऊ लागेल. दोन सेकंदांची मुदत नसेल, तर क्षणिक धक्क्यालाही ती घाबरेल. वेगाच्या स्पर्धेत रिव्हर्स गिअरचा इतका विचार करणाऱ्या लेखकाबद्दल मला जिव्हाळा वाटतो. आपण चुकतो आहोत हे ओळखण्याचे निकष आधी लिहून ठेवणे, हे मला जलद लॅपपेक्षा कठीण आणि मोलाचे वाटते.

इथे थोडा इतिहास मध्ये घुसवावा लागतो, कारण हे चालक आकाशातून पडलेले नाहीत. 1995 मध्ये मिचेल टिमिन यांनी ‘रार्स’ नावाची स्पर्धा मांडली. तिच्यात गाड्या सपाट, द्विमितीय होत्या आणि त्या चालवायच्या त्या प्रोग्रामांनीच. टॉर्क्स पुढे एरिक एस्पिए आणि क्रिस्तोफ गिओनो या फ्रेंच प्रोग्रामरांनी सुरू केले आणि नंतर वीमन यांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. रार्समधला रेमी कुलोम यांचा ‘के1999’ हा चालक विशेष आहे. त्याने ट्रॅकचे लहान लहान तुकडे पाडले आणि प्रत्येक बिंदू आडवा सरकवत राहिला, जोवर तिथली वक्रता शेजारच्या बिंदूंच्या वक्रतेशी जुळत नाही तोवर. बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर अशी मुरलेल्या रेसरची वाट या सरकवण्यातून आपोआप उमटते. वळणाची त्रिज्या दुप्पट झाली की वेगाची मर्यादा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते, हे त्यामागचे गणित. तो कोड खुला होता, म्हणून टॉर्क्सच्या अनेक चालकांनी तो उचलला. हेच कुलोम पुढे ‘गो’ या खेळाकडे वळले आणि 2006 मध्ये त्यांच्या ‘क्रेझी स्टोन’ने आणलेली झाडासारखी शोधपद्धत ‘अल्फागो’ या गो खेळणाऱ्या प्रोग्रामच्याही पायाशी गेली. गाड्यांचा खेळ आणि गो यांत थेट धागा ओढण्याचा मोह होतो, पण तो ओढत नाही. एवढेच म्हणतो की अशा खुल्या मैदानात केलेले काम वाया जात नाही.

पहिला आक्षेप रास्त आहे. टॉर्क्सचे चालक लबाड आहेत. त्यांना सगळ्या ट्रॅकची भूमिती आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची नेमकी जागा आयती मिळते. खऱ्या ड्रायव्हरला पुढचे वळणसुद्धा डोळ्यांनी पाहावे लागते. पण ही लबाडी कळली कशी? कोड वाचता आला म्हणून. आणि कळल्यावर उपायही झाला. 2008 पासून डॅनिएले लोइआकोनो, पिएर लुका लांझी, ज्युलियन टोगेलियस आदी संशोधकांनी टॉर्क्सवर जी स्पर्धा भरवली, तिच्यात चालकाला खेळाबाहेर बसवले. त्याला 200 मीटरपर्यंत पाहणारी 19 अंतरमापक किरणे आणि आणखी मोजकी माहिती मिळे. उत्तर द्यायला खरी 10 मिलिसेकंद. उशीर झाला तर जुनाच हुकूम पुढे चालू राही. नव्या ट्रॅकची ओळख करून घ्यायला खेळाच्या घड्याळातला सुमारे अर्धा तास दिला जाई. जो दोष उघड्यावर असतो तो दुरुस्त होतो. बंद पेटीतल्या दोषाचा आधी वास यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हाताने लिहिलेले नियम ठिसूळ असतात. शिकणारा चालक आपला आपण सुधारतो, मग नियम वाचत बसण्यात काय हशील? याचा पुरावाही टॉर्क्सवरच आहे. 2015 मध्ये डीपमाइंडच्या संशोधकांनी गाडी चालवायला शिकणारी एक पद्धत मांडली. ट्रॅकच्या दिशेने वेग जितका जास्त तितके बक्षीस, धडकेला दंड. काही प्रयोगांत गाडीने पूर्ण फेरी मारली. त्याच पद्धतीचे, त्याच ट्रॅकवरचे दुसरे काही प्रयोग मात्र काहीच धड शिकले नाहीत, असे त्या लेखकांनी प्रांजळपणे नोंदवले. तेच गणित, तीच गाडी. एक शिकते, दुसरी नाही, आणि कोणत्या ओळीत चूक झाली हे दाखवायला ओळच नाही. आपल्या शाळांत गणिताचे उत्तर बरोबर असूनही रीत लिहिली नाही तर गुण कापतात, आणि मुलांना तो जुलूम वाटतो. त्यामागे शहाणपण आहे: पुढचे गणित चुकले तर दुरुस्त करायला रीतच लागते. त्याच वर्षी प्रिन्स्टनमधल्या संशोधकांनी मधला मार्ग दाखवला. माणसाने टॉर्क्समध्ये केलेल्या 12 तासांच्या ड्रायव्हिंगवरून त्यांनी ‘न्यूरल नेटवर्क’ला फक्त पाहायला शिकवले: रस्त्याशी कोन किती, लेनच्या रेषा किती दूर, पुढची गाडी कुठे, अशी 13 मापे. ती घेऊन गाडी हाकण्याचे काम एका साध्या, लिहिलेल्या नियंत्रकाकडे ठेवले. डोळा शिकलेला, हात लिहिलेला. शिकण्याला माझा विरोध नाही. शिकणे आणि निर्णय यांच्या मध्ये वाचता येईल अशी एक जागा असावी, एवढाच आग्रह आहे.

हा आग्रह खेळापुरता राहत नाही. 2018 च्या मार्चमध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात ऊबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि ती दगावली. आत बसलेल्या देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे लक्ष फोनकडे होते, आणि अमेरिकी तपास मंडळाने मुख्य कारण तेच मानले. पण मंडळ तिथे थांबले नाही. धडकेच्या 5.6 सेकंद आधी यंत्रणेला ती महिला जाणवली होती. यंत्रणा तिला कधी वाहन, कधी ‘इतर काही’, कधी सायकल ठरवत राहिली, आणि प्रत्येक बदलात आधीची वाटचाल विसरून मार्गाचा अंदाज नव्याने बांधत राहिली. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या ठिकाणी माणूस रस्ता ओलांडेल, हे तिच्या रचनेत गृहीतच धरलेले नव्हते. हा शेवटचा दोष यंत्राचा नव्हता. माणसाने न लिहिलेल्या एका अटीचा होता. नोंदी वाचता आल्या म्हणून तो सापडला. वाचता आल्या नसत्या, तर सारा दोष नशिबावर किंवा त्या एका देखरेखवाल्यावर ढकलून सगळे मोकळे झाले असते.

कोणी म्हणेल, आजच्या गाड्यांतला कोड इतका प्रचंड आहे की तो खुला असला तरी वाचणार कोण? खरे आहे, सर्वांनी वाचायचा नसतोच. पण कायदा सामान्य माणूस वाचत नसला तरी तो छापलेला असतो, म्हणूनच वकील त्यावर भांडू शकतो. वाचण्याची शक्यता असणे हाच वाचण्याचा अर्धा उपयोग आहे. शर्यतीचा निकाल घड्याळाने लावावा. त्याबद्दल तक्रार नाही. खऱ्या रस्त्यावर यंत्र सोडायचे की नाही, हा निकाल घड्याळाने लावता येणार नाही. तिथे विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: तुमची गाडी चुकते आहे हे तिला कशावरून कळते, आणि ते आम्हाला कुठे वाचता येईल? उत्तर मिळाले नाही, तर ती गाडी कितीही जलद असली तरी रस्त्यावर आणू देऊ नये.