काडतूस आणि सुरी

आमच्या रत्नागिरीकडच्या मोहल्ल्यांत शिकारीच्या गप्पा पुष्कळ, काडतुसाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आम्ही ते आजोबांकडून ऐकलं. काळ 1972 च्या वन्यजीव कायद्याआधीचा. बारा बोअरच्या बंदुकीला खडकीच्या कारखान्याची 'के.एफ.' काडतुसं मिळत. एल.जी.त छर्रे मोजके नि जाड, एस.जी.त बारीक पण जास्त. सांबराला एल.जी. घ्यायचं. कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगत, बंदुकीत बसेनात. म्हणून डब्यात बंद ठेवावी लागत.

पण खरी पंचाईत वेगळीच. आमच्या शाफई मसलकात गोळीनं जागीच मेलेलं जनावर हलाल नाही. बिस्मिल्ला म्हणून चाप ओढला तरी सुरी फिरेपर्यंत जीव हवा. त्यामुळे आजोबा जवळूनच बार टाकत, आणि सुरी घेऊन धावणारा पोरगा काडतुसाइतकाच पारखून घेत. .315 रायफलीचा पल्ला लांब, म्हणूनच ती त्यांना नापसंत. "तिथवर पोचेपर्यंत हराम होतं," म्हणत. रानडुकराला हा विचार नसे. ते भातशेतीसाठी मारायचं नि शेजारच्या वाडीला द्यायचं.

1991 च्या दुरुस्तीनं उरलेसुरले शिकार परवानेही गेले. आमच्या घरी आता बंदूक नाही. काडतुसांची दोन पितळी बुडं आहेत, पोरं त्यांची शिट्टी वाजवतात.